अंगठ्याखालचं तेल

बसा. पाठ ताठ असली तर बरं, टेकून बसलात तरी चालेल. आज आपल्याला एका यंत्रातल्या तेलाबरोबर चालायचं आहे, टाकीपासून निघून पुन्हा टाकीपर्यंत. ज्या ठिकाणी तेल अडेल त्या ठिकाणी आपणही थांबू.

आधी जागा मनात आणा. जव्हारहून मोखाड्याकडे जाणारा रस्ता, दिवाळीनंतरचे दिवस. भात कापून झालंय, झोडणी संपत आलीय. वरकस जमिनीवर नागली आणि वरई उभी होती तिथे आता नुसती धसकटं आहेत. या डोंगरावर वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी होळीच्या सुमाराला पाड्यांवरच्या विहिरी तळ दाखवतात. मातीचा थर पातळ, आणि त्याखाली सलग काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. पाणी त्याच्यात फारसं मुरत नाही, अंगावरून निघून जातं. मोखाडा तालुक्यातच वैतरणेवर मध्य वैतरणा धरणाची शंभर मीटरहून उंच भिंत आहे आणि तिच्या मागचं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. हे मनात असू द्या. आपण ज्या यंत्राकडे बघणार आहोत, त्याला या कातळात पाण्याच्या पाइपसाठी चर खणायचा आहे.

आता पाड्याकडे वळणाऱ्या वाटेवर ते यंत्र उभं करा. या भागात डोळ्यांना सवयीचा आहे तो पिवळा जेसीबी, पुढे बकेट आणि मागे लांब हात असलेला. आपलं यंत्र त्याच्यापेक्षा बुटकं आहे. चार चाकं, जाळीची केबिन, दोन बाजूंनी पुढे आलेल्या भुजा. मुंबईत पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ काढायला हेच उतरवतात. ठेकेदार त्याला बॉबकॅट म्हणतात, कंपनी कुठलीही असली तरी. कागदावरचं नाव स्किड स्टीअर लोडर. याची चाकं वळत नाहीत; डावीकडची जोडी आणि उजवीकडची जोडी वेगवेगळ्या वेगानं फिरते आणि यंत्र जागच्या जागी घसटत तोंड फिरवतं. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉथसे नावाच्या छोट्या गावात, सिरिल आणि लुई केलर या भावांनी त्याचा पहिला अवतार बनवला. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला गोठ्यातल्या खांबांमधून फिरेल आणि माडीवर चढवता येईल इतकं हलकं यंत्र हवं होतं, खत उपसायला. पहिल्याला तीनच चाकं होती, चार चाकांचं १९६० साली आलं. जागा थोडी आणि काम जड, अशा अडचणीतून ते जन्मलं. दोन घरांमधून जेमतेम बैलगाडी जाईल अशा पाड्यावरच्या वाटेला ते शोभतं.

इंजिन अजून बंद आहे. आधी बंद यंत्राकडे नीट बघू.

भुजांच्या टोकाला एक पाटी आहे. तिच्यात बकेट अडकवतात, दोन लिव्हर दाबले की खिट्ट्या खाली उतरतात. बकेट उचलायला आणि पालथी घालायला यंत्राचे स्वतःचे जॅक आहेत, त्यांना बाहेरून काही लागत नाही. पण बकेट काढून तिथे दगड फोडणारा ब्रेकर लावला, किंवा खड्डे पाडायचा ऑगर, किंवा चर कापणारा ट्रेंचर, किंवा रस्ता झाडणारा फिरता झाडू, तर त्या अवजाराला स्वतःची ताकद नाही. ती यंत्राकडून यावी लागते. त्यासाठी भुजेवर दोन जाड नळ्यांची तोंडं काढलेली असतात. एकातून तेल जातं, दुसऱ्यातून परत येतं. यंत्राच्या पुस्तकात यांना ऑक्झिलरी लाइन म्हणतात. ऑपरेटर म्हणतात, ‘ब्रेकरची लाइन’.

त्या दोन तोंडांकडे बघा. चपट्या माथ्याचे कपलर आहेत. आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या पुढे झडप. जोडले की दोन्ही बाजूंच्या झडपा एकमेकींना मागे ढकलतात आणि वाट उघडते. सोडले की बंद होते. जोडण्याआधी ते फडक्यानं पुसायचे असतात. जव्हारच्या रस्त्यावरची लाल धूळ या माथ्यावर बसते, आणि जोडताना पुसली नाही तर ती तेलाबरोबर आत जाते. डोळ्यांना न दिसणारा कण पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर चरा काढतो. माझ्या मते या यंत्रावर कुणी काय शिकलंय ते चालवण्यात कळतं त्याच्या आधी या पुसण्यात कळतं.

कपलर काही वेळा जोडलाच जात नाही. अवजार उन्हात पडून असतं, त्याच्या नळीत कोंडलेलं तेल तापून फुगतं, बाहेर जायला वाट नसते, आणि झडप आतून घट्ट दाबली जाते. हाताच्या जोरानं ती हलत नाही. मग हातोडा निघतो, आणि कपलरचा माथा ठेचला जातो. हातोडा लागत नाही. कोंडलेल्याला वाट द्यावी लागते. काही यंत्रांत इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून, अवजाराचा स्विच दोन्ही बाजूंना हलवला की दाब उतरतो. काहींत कपलर आत दाबून क्षणभर धरला की आतला दाब टाकीकडे निघून जातो. त्यानंतर जोड सहज बसतो.

इथे एक श्वास थांबा. काम सुरू करण्याआधी मागचा दाब उतरवायचा आहे, एवढंच लक्षात असू द्या.

आता ऑपरेटर आत चढतो. तो तरुण आहे, याच डोंगरातला. त्याच्या घरची माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जायची. तो भट्टीवरच्या जेसीबीचा हेल्पर झाला, ग्रीस मारता मारता लिव्हर शिकला. त्याला आपण नाव देत नाही, असे अनेक आहेत. तो सीटवर बसतो, समोरचा दांडा मांडीवर ओढतो. तो दांडा खाली आल्याशिवाय भुजा हलणार नाहीत आणि ऑक्झिलरी लाइनमध्ये तेल जाणार नाही. माणूस जागेवर आहे, पक्का बसला आहे, याची यंत्राला आधी खात्री हवी असते. दांड्याच्या स्विचला तार बांधून हे टाळणारे लोक आहेत. तसं करू नका, आणि करणाऱ्याशेजारी उभेही राहू नका.

तो चावी फिरवतो. इंजिन सुरू होतं, इंजिनाला जोडलेला पंप सुरू होतो, आणि टाकीतलं तेल निघतं.

या तेलाबरोबर जा. काम मागितलेलं नाही, म्हणून साध्या पंपाच्या यंत्रात ते व्हॉल्व्हमधून सरळ पार होतं, फिल्टरमधून जातं, टाकीत परततं. पुन्हा निघतं, पुन्हा परततं. मिनिटाला साठ ते नव्वद लिटर तेल असं हिंडतंय आणि दाब जवळपास काहीच नाही. आवाज ऐका: एकसारखा, सैल.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या विद्येतली सगळ्यात खोल गोष्ट इथेच आहे, आणि ती सावकाश घ्यायला हवी. पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल पुढे ढकलतो. दाब येतो तो समोर कुणी अडवलं म्हणून. ओढा उताराला वाहत असतो तेव्हा त्याची ताकद दिसत नाही. बांध घाला, पाणी चढायला लागतं आणि बांधाला रेटायला लागतं. तेलाचं तेच आहे. समोर मोकळी वाट असेल तर तीस हॉर्सपॉवरचा पंपसुद्धा दुबळा भासतो. समोर कातळ असेल तर दाब त्या कातळाएवढा चढतो. मऊ मुरूम असेल तर मुरमाएवढा, त्याहून जास्त नाही. किती जोर लावायचा हे जमीन ठरवते.

यावर हवा तेवढा वेळ रेंगाळा.

आता अंगठा. ऑपरेटरच्या मुठीत जॉयस्टिक आहे, तिच्या माथ्यावर एक छोटा रोलर. जुन्या यंत्रांत हे काम पायाच्या पेडलनं किंवा बाजूला ढकलायच्या लिव्हरनं व्हायचं, आणि ढकलणाऱ्याला तेलाचा थोडा विरोध अंगात जाणवायचा. आता रोलर बोटभरही सरकत नाही. अंगठा त्याला थोडा उजवीकडे नेतो. तारेतून थोडा करंट जातो, व्हॉल्व्हवरचं कॉइल जागं होतं, एक लहानशी वाट उघडते, त्या वाटेनं आलेलं थोडं तेल मोठ्या व्हॉल्व्हमधला सरकता दांडा, म्हणजे स्पूल, काही मिलिमीटर सरकवतं. आणि टाकीकडे परतणारं तेल वळतं, भुजेवरून, कपलरमधून, अवजाराकडे. अंगठा थोडा सरकला तर थोडं तेल, पूर्ण सरकला तर पूर्ण. सोडला की स्प्रिंग स्पूलला मधोमध आणते आणि वाट मिटते.

अंगठ्याला दोनच गोष्टींची मुभा आहे: वेग किती आणि दिशा कोणती. जोर त्याच्या हातात नाही. जोर पलीकडे, अवजार आणि जमीन यांच्यात, तयार होतो. तरीही त्या अंगठ्याखाली किती ताकद आहे ते हिशेबानं बघू. मिनिटाला ७० लिटर तेल २०० बार दाबानं जात असेल तर ते सुमारे २३ किलोवॅटचं काम करतं, म्हणजे तीस हॉर्सपॉवरच्या थोडं वर. विहिरीवर बसवतात तसे पाच हॉर्सपॉवरचे सहा पंप. आणि २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोंचा भार. बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हे सतराव्या शतकात पास्कलनं मांडलं. त्याच्या आधारावर १७९५ साली लंडनमध्ये जोसेफ ब्रामानं पाण्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. त्यानंतरची सगळी वाट या रोलरपर्यंत येते.

चला, अवजारापाशी जाऊ. आधी ऑगर.

या डोंगरात बाएफसारख्या संस्थेनं आदिवासी शेतकऱ्यांच्या वरकस जमिनीवर आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या. वाडी म्हणजे खड्डे. समजा ऑगर असा खड्डा पाडतोय. तेल त्याच्या मोटरमध्ये शिरतं, मोटर फिरते, मळसूत्री पाती मातीत उतरते. माती वर येते, मग मुरूम. मग कडक आवाज आणि ऑगर थांबतो. दगड लागला. तेल पुढे जाऊ शकत नाही, दाब चढतो, इंजिनाचा आवाज खाली बसतो, आणि दाब ठरवलेल्या मर्यादेला पोचला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. त्याचा सूर पातळ आणि कर्कश असतो. ऑपरेटर म्हणतात, ‘रिलीफवर गेला.’

रिलीफवर असताना काय होतं ते बघा. तेल पूर्ण दाबानं धावतंय, इंजिन पूर्ण जोर लावतंय, डिझेल जळतंय, आणि खड्डा तसूभरही खोल होत नाही. मग ती २३ किलोवॅट ताकद कुठे जाते? सगळी उष्णतेत. तेल तापतं, पातळ होतं, सील वाळून कडक होतात, पंपाच्या आतली गळती वाढते. म्हणजे उद्याची ताकद आज जळते. व्हॉल्व्ह यंत्राला फुटण्यापासून वाचवतो, पण तो काम करून देत नाही. चांगला ऑपरेटर तो सूर ऐकताक्षणी अंगठा सोडतो. रोलर दुसऱ्या बाजूला नेतो. तेलाची वाट उलटते, जाणारी नळी येणारी होते, ऑगर उलटा फिरतो, दगडातून सुटतो. वर घेतो, कोन बदलतो, पुन्हा उतरवतो. तरीही दगडच असेल तर खड्डा हातभर बाजूला घेतो.

काही ऑगरच्या मोटरला तिसरी, बारीक नळीही असते, बऱ्याच ठिकाणी जोडायची विसरली जाते ती. मोटरच्या आत भागाभागांमध्ये फट ठेवलेली असते, त्यातून थोडं तेल पाझरतं आणि त्या पाझरानंच आतले भाग घासले जात नाहीत. ही गळती दोष नाही, ती मुद्दाम ठेवलेली आहे. पण पाझरलेलं तेल मोटरच्या पोटात साचून राहता कामा नये. त्याला टाकीकडे जायला स्वतःची, दाब नसलेली वाट हवी. ती बारीक नळी ती वाट आहे. ती जोडली नाही की पोटातला दाब वाढतो आणि शाफ्टचं सील बाहेर फेकलं जातं. कारण शोधायला माणसं मोठ्या नळ्या तपासत बसतात.

आता ब्रेकर, चराच्या कामाला.

ब्रेकरमध्ये तेल पिस्टन वर उचलतं, मागे कोंडलेला वायू दाबला जातो, आणि मग तो पिस्टन छिन्नीवर आदळतो, मिनिटाला शेकडो वेळा. ऑगरला दोन्ही दिशा चालतात, ब्रेकरला नाही. त्याला तेल एकाच बाजूनं हवं. उलट दिलं तर आतली सीलं जातात. म्हणून कोणत्या अवजाराला कोणती दिशा हे अंगठ्याला माहीत हवं. स्विचला ते माहीत नसतं. आणखी एक. छिन्नी दगडावर टेकलेली नसताना ब्रेकर चालवायचा नाही. समोर दगड नसला तर तो आघात झेलायला कुणी नाही; तो ब्रेकरच्याच अंगात उतरतो, बोल्ट तुटतात, पिना झिजतात. यंत्र उचलून, त्याचं थोडं वजन छिन्नीवर देऊन, मग रोलर. आणि एका जागी अर्ध्या मिनिटाच्या आत दगड फुटला नाही तर थांबायचं, जागा बदलायची, कडेकडून यायचं. तिथेच ठोकत राहिलं तर छिन्नीचं टोक लाल होऊन बोथट होतं, दगडाचं पीठ होतं, तो फुटत नाही. पाथरवट छिन्नी लावण्याआधी दगडाची शीर शोधतो. इतक्या वर्षांत यंत्र आलं, पण शीर शोधायचं काम माणसाकडेच आहे.

रस्ता झाडायचा झाडू किंवा ट्रेंचर लावला की वेगळी सोय लागते. तिथे तासन् तास तेल चालू ठेवायचं असतं, म्हणून एक बटण दाबलं की प्रवाह कायम होतो आणि अंगठा मोकळा होतो. मला ही सोय आवडते आणि तिची भीतीही वाटते. अंगठा मोकळा झाला की लक्षही मोकळं होतं. कुणी पोर चर बघायला जवळ आलं, कुणाच्या साडीचा पदर वाऱ्यानं उडाला, तर तेल थांबत नाही.

याच जागी धोक्याचं बोलायला हवं. नळीला सुईएवढं भोक पडलं तर तेलाची धार दिसत नाही, हवेत थोडं धुकं दिसतं. गळती कुठे आहे ते बोट फिरवून शोधू नका. दोनशे बारची ती धार कातडी फोडून आत जाते. बाहेर ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि आत तेल पसरत राहतं. हे पट्टी बांधून घरी पाठवायचं दुखणं नाही. तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते, नाहीतर बोट, कधी हात, जातो. मोखाड्याहून त्र्यंबकच्या वाटेनं नाशिक गाठेपर्यंत बराच वेळ निघून जातो, म्हणून ठिपका दिसताक्षणी निघायचं, आणि डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं की दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

चर थोडा पुढे सरकलाय. वरच्या मातीतून, मग मुरमातून, आता काळ्या कातळात. अंगठा रोलरवर आहे. त्या अंगठ्याकडे शेवटचं नीट बघू.

त्या तरुणाच्या आजोबांच्या पिढीनं रोजगार हमीच्या मस्टरवर अंगठे उठवले. महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, देशानं २००५ साली. त्या २००५ च्या कायद्यात अट होती की शक्य तोवर कामं हातानं व्हावीत आणि मजुराचं काम हिरावणारं यंत्र वापरू नये. मला ही अट मनापासून बरोबर वाटते. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातून माणसं पोरंबाळं घेऊन बाहेर पडतात ती इथे काम नसतं म्हणून. अशा जागी माती उकरायला यंत्र लावलं की तेवढ्या दिवसांची मजुरी गेली, आणि मजुरी गेली की पोरांची शाळा गेली. बॉबकॅटचा ऑगर दिवसभरात जेवढे खड्डे पाडेल तेवढ्यांत एका पाड्याचं एका आठवड्याचं धान्य असू शकतं.

पण कातळाला ही अट लावता येत नाही. घणानं आणि पहारीनं काळ्या पाषाणात चर खणताना माणसाची कंबर आणि फुप्फुसं झिजतात, आणि पाइप एक उन्हाळा उशिरा येतो. त्या उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन ओढ्यात उतरतात. तिथे ब्रेकर लागलाच पाहिजे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीला एकाच चरात जागा आहे. तेल आपल्याला तेच दाखवत होतं: मऊ मुरमात दाब फारसा चढतच नाही, तिथे त्या ताकदीला कामच नसतं. दाब चढतो तिथे यंत्राची जागा, त्याच्या अलीकडे मजुराची. मुरूम संपून कातळ कुठे लागतो हे जुन्या विहिरी खणणाऱ्याला पहारीच्या आवाजावरून कळतं. कामाचं अंदाजपत्रक करायला येणाऱ्या अभियंत्यानं त्याला बरोबर घेऊन चराच्या आखणीवर चालावं, आवाज बदलेल तिथे चुन्याची रेघ मारावी, आणि रेघेच्या अलीकडचे मीटर मस्टरला लावून, पलीकडचे तेवढे ब्रेकरच्या तासांत धरावेत.